नानांचं विमान आणि उलटं न चालणारं इंजिन

नानांचा तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा नाइलाजाने हो म्हटलं. छोट्या विमानांची इंजिनं तपासणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम, पण आता गुडघे साथ देत नाहीत. नाना निवृत्त वैमानिक. धुळ्याजवळ त्यांची शेती आहे आणि धावपट्टीलगतच्या शेडमध्ये स्वतःचं दोन आसनी विमान. त्यात त्यांना हवाई कसरती करायच्या होत्या. इंजिन त्याला चालेल का, एवढंच मला सांगायचं होतं.

नाशिकहून सकाळची बस घेतली. मालेगावपर्यंत झोप लागते, पुढे ऊन थेट अंगावर येतं. जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा. धुळ्यात उतरले तेव्हाच पाठ धरली होती.

विमान कसरतींसाठीच बांधलेलं होतं, पण मूळ इंजिन काढून कुणीतरी साधं बसवलेलं.

"ताई, सांगाडा दणकट शे. मंग अडचण काय?"

"नाना, गोल गिरकी नीट घेतलीत तर तेल तळाशीच राहतं. पण विमान उलटं धरलं की तेल वर जातं, पंप हवा ओढतो आणि कार्ब्युरेटर पेट्रोल देत नाही. उलटं चालायला तेलाची वेगळी व्यवस्था लागते. ती यात नाही."

मग मी विमानाखाली शिरले. इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीपासून शेपटीपर्यंत तेलाचा काळा पट्टा होता.

"जुनी गळती," नाना घाईने म्हणाले.

तेलाचा फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्यांमध्ये चकचकीत धातूचे कण. आतलं बेअरिंग तेलावाचून घासलं होतं. मी विमानाची किल्ली मागून घेतली, बाकी काही विचारलं नाही. त्यांच्याच घरी मुक्काम होता. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, केलेली शेवभाजी इतकी झणझणीत होती, की नानांच्या डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी नानांच्या गाडीतून पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव. तिथे एक इंजिन विकायला होतं. पेट्रोल फवारणारं, त्यामुळे नाना खुशीत. मी झाकण काढून पाहिलं. पेट्रोलचा प्रश्न सुटत होता, तेलाचा तसाच.

"हेही नाही, नाना."

जेवायला भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागवली. हिवाळ्यात गेलात तर चुकवू नका. नानांनी मात्र घास मोडला नाही.

"मी एकदा उलटं केलं, ताई. शेतावर. तिला दाखवायचं होतं. ती बांधावर उभी होती. तेलाचा काटा शून्यावर आला आणि इंजिन बंद पडलं. सरळ केल्यावर परत सुरू झालं, नशीब. खाली पाहिलं तर ती हात हलवत होती. तिला वाटलं, तोही खेळातलाच भाग."

"अक्कांना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी तिथेच टेबलावर अहवाल लिहिला: इंजिन उघडल्याशिवाय उड्डाण नको, कसरती कधीच नकोत. त्यांनी वाचून सही केली. मग मला स्टेशनवर सोडलं, आणि मी गाडीत बसताक्षणी झोपले.

घरी येऊन चार दिवस झाले. काल फोन आला. नानांनी अक्कांना सगळं सांगितलं होतं.

"काय म्हणाल्या?"

नाना म्हणाले, "म्हणे, माले ठाऊक व्हतं. इंजिनाचा आवाज बंद पडला, तवयच तिनं डोळे मिटले होते. हात हलवत नव्हती ती, ताई. मला खाली बोलवत होती."