लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर विचारलेला प्रश्न

मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात मी भट्टीवर कामाला आहे. एका जागी बसणं मला जमत नाही, शाळाही त्यापायीच आठवीत सुटली. मामांचा फोन आला, "पिंपळवंडीचं स्थळ हाय. स्वाती नाव. बारावी झालीय, दवाखान्यात कामाला हाय. ये." लगेच बॅग भरली.

कल्याणपर्यंत रेल्वे, पुढं माळशेजमार्गे जुन्नरची एसटी. खिडकी सोडू नका, घाट फुकट बघायला मिळतो. मला एक खोड आहे. अनोळखी माणूस दिसला की मी मनात त्याची गोष्ट रचतो. मढला एक बाबा तांदळाचं पोतं घेऊन चढले, सारखे फोन बघत होते. ओतूर येईस्तोवर मी त्यांच्या लेकीचं लग्न लावलं, जावई रुसवला आणि पोतं त्याच्या दारात उतरवलं.

मुक्काम घोडेगावला, आमच्या घरी. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून लेण्याद्री गाठली, कारण स्वातीच्या आत्याच म्हणाल्या होत्या, "घरात पोरं बोलत न्हाईत, पायऱ्या चढू द्या त्यांना."

सकाळी लवकर चढा, ऊन लागत नाही. खाऊ पिशवीत ठेवा, माकडं हातातलं ओढतात. पायथ्याशी स्वाती आणि आत्या भेटल्या. चढताना आत्या मुद्दाम मागं राहिल्या. स्वातीचा चेहरा मात्र आखडलेला, बोलेना. झालं, मी गोष्ट रचली : हिच्या मनात दुसरा कुणी शिकलेला आहे, घरच्यांनी बळंच पाठवलंय. अर्ध्या वाटेत मी स्वतःला नकार देऊन मोकळा झालो होतो.

काहीतरी बोलायचं म्हणून वर येणारी डोली दाखवली. आत एक आजी, शेजारी धापा टाकत, तोंड फुगवून चालणारे आजोबा.

"भांडलेत दोघं," मी म्हणालो. "आजींना चालत यायचं व्हतं, यांनी बळंच बसवलं."

"विचारलं का त्यांना?"

"असं कुणी विचारतं का?"

ती सरळ चार पायऱ्या उतरून गेली आणि हसत परत आली. "डोली बाबांनी सोतासाठी सांगितली व्हती. आजी आधी बसल्या."

मग मलाही धीर आला. "तुमी एवढ्या गप का? दुसरं कुणी मनात हाय का?"

"नवी चप्पल हाय. अंगठा सोललाय. तुमी काय रचलं व्हतं?"

सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून हसायला लागली. खालून आत्या ओरडल्या, "अगं, हळू हस, लोक बघत्यात."

वर चपला काढल्या, गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं, लेण्यांच्या गार दगडावर टेकलो. समोर हिरवी शेतं. म्हटलं आता विचारूनच टाकावं. "मी आठवी नापास. काम लांब. चालंल का?"

"नापास हाय ते मामांनी सांगितलंय. अन् मोरबीत दवाखाने नसत्यात व्हय?"

"म्हणजे हो?"

"निरोप रीतीनं मामांकडंच यील, येळ लागंल. तवर उगा गोष्टी रचू नका. मी हो म्हणणार हाय."

जुन्नरात मासवडी-भाकरी खाल्ली. इथं येऊन मासवडी न खाता जाऊ नका, रस्सा झणझणीत असतो. "पावणं, दोनच वड्या? लाजता का काय?" म्हणत आत्यांनी ताट भरलं. मी चौथ्या वडीला लाजणं सोडलं.

आता परत भट्टीवर. खोड गेली नाही, फक्त आता विचारूनही बघतो. आमचा मुकादम बायकोच्या आठवणीत गप्प असतो अशी माझी लई दिवसांची गोष्ट होती. विचारलं तर त्याची दाढ दुखते.

काल मामांचा फोन आला. आवाज एकदम गंभीर. "मुलीकडचे इचार करून कळवतो म्हणल्यात. अजून काय खरं न्हाई. मनाची तयारी ठेव."

मीही आवाज पाडून म्हणालो, "ठेवतो, मामा."