बँकॉकच्या सेंटसाठी त्र्यंबकची एसटी

ही प्रवासाची गोष्ट मी दोन महिने टाळतोय. आळस हे नेहमीचं कारण आहेच, पण खरं कारण दादा. तो बँकॉकच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे आणि तिथल्या नेट कॅफेत बसून हा ब्लॉग वाचतो. आज सकाळी वहिनी म्हणाली, "लिहा भाऊजी. आज फोनवर मीच सांगून टाकते." म्हणून लिहितोय.

दादाने गेल्या वर्षी एका मित्राबरोबर वहिनीसाठी सेंटची बाटली पाठवली होती. अंगठ्याएवढी, वर होडीचं चित्र. सोबत चिठ्ठी: 'माझ्या गल्लीत सकाळी असाच वास असतो. कोणी लिंबं चिरतं, कोणी खलबत्त्यात आलं-मिरच्या कुटतं.' वहिनी दर रविवारी, त्याचा फोन यायच्या आधी, एकच थेंब कानामागे लावायची. बाकी सहा दिवस बाटलीला हात नाही.

ती मी फोडली. कपाटावरून ट्रेकिंगची सॅक ओढली आणि बाटली फरशीवर. बुधवारचा दिवस. वहिनी द्राक्षांच्या हंगामात माहेरी, पिंपळगावला गेलेली, शनिवारी परत येणार. मी अंगातली बनियन काढून फरशी पुसली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि तोच वास शनिवारच्या आत पुन्हा बनवायला निघालो.

आधी पंचवटीच्या भाजीबाजारातून किलोभर कागदी लिंबं घेतली. तिथून जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या गल्लीतल्या अत्तरवाल्या चाचांकडे. (कोणाला जायचं असेल तर चालतच जा, तिथे रिक्षा वळत नाही.) लिंबं बघून चाचा म्हणाले, "शरबत करू का, बेटा? अरे, वास सालीत असतो, रसात नाही. आणि सालीचं तेल माझ्याकडे आहे." मग त्यांनी माझी बनियन नाकाला लावली. कसलीही तक्रार न करता, डोळे मिटून, बराच वेळ.

"लिंबाची साल. आलं. गवती चहा. और एक चीज आहे... मिरीसारखी, पण मिरी नाही. कोकणात माशात घालतात त्या तिरफळासारखी. ती माझ्याकडे नाही, पण तिरफळ चालेल. त्र्यंबकला जडीबुटीवाल्या बाया बसतात, त्यांना विचार. सुकलेलं आण, बी काढून."

गुरुवारी जुन्या सीबीएसवरून त्र्यंबकची एसटी पकडली. दर अर्ध्या तासाला असते, तासाभराचा रस्ता, डावीकडची खिडकी घ्या, डोंगर दिसतात. नमुना म्हणून बनियन बरोबर होतीच. शेजारच्या मावशींनी दोनदा नाक ओढलं.

"लोणच्याची बरणी फुटली का रं तुझी?"

"सेंट आहे, मावशी. परदेशी."

"परदेशात लोणचं लावत्यात अंगाला?"

अख्खी एसटी हसली. अंजनेरीच्या फाट्यावर वड्यांचा ताजा घाणा दिसला आणि मी उतरलो. दोन वड्यांचे चार झाले, मग वडेवाल्याने त्याच्या बुलेटचं इंजिन खोललेलं दाखवलं, मग ते परत बसवायला मी मदत केली. त्र्यंबकला पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि निम्म्या बाया पथाऱ्या गुंडाळून गेलेल्या.

कुशावर्त कुंडाजवळ एक आजी उरल्या होत्या, पेठ तालुक्यातल्या. फडक्यावर मुळ्या, साली, बिया. मी तिरफळ विचारलं. त्यांनी तळातून एक पुरचुंडी काढली. "कोकणातनं आणलंय. लय जहाल हाय. चावून बघ."

आधी संत्र्याच्या सालीचा वास आला, मग जिभेला मुंग्या, मग जीभच गायब. किंमत विचारायला तोंड उघडलं तर नुसता 'ब्ब' आवाज.

"आता घासाघीस नाय व्हायची तुला," आजी पदर तोंडाला लावून हसल्या. मी मुकाट्याने पैसे दिले.

शुक्रवारी चाचांनी तिरफळाची टरफलं चंदनाच्या तेलात घातली आणि ती वाटी गरम पाण्यात ठेवून दिली. दुपारभर मंद आचेवर. मग बाकीची तेलं थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबानंतर माझ्या मनगटाच्या मागच्या बाजूला एक बोट. संध्याकाळी एक छोटी बाटली भरून दिली आणि कापसाचा फाया माझ्या कानात खोचून म्हणाले, "लिंबू उडून जातं, मसाला राहतो. तीन आठवडे हात लावू नको, तेव्हा जमेल."

तीन आठवडे कुठून आणू? शनिवारी वहिनी द्राक्षांची पेटी घेऊन आली. रविवारी तिने कपाटावर मी ठेवलेली नवी बाटली घेतली, हुंगली आणि माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या रविवारी ती काहीच न लावता फोनवर बोलली आणि माझ्याशी गुरुवारपर्यंत बोललीच नाही. मी शिल्लक लिंबांचं लोणचं घातलं, तेही तिने चाखलं नाही.

महिन्याने मी बाहेरून आलो तर तिच्या कानामागून तोच वास. म्हणजे तो नव्हे, हा. "त्यांच्या गल्लीचा नाहीये हा," ती म्हणाली. "पण वाईट नाही. त्या आजी खरंच हसल्या का हो तुम्हाला?" मग मला आजींची नक्कल तीनदा करून दाखवावी लागली.

माझ्या सॅकच्या खिशात अजून दोन तिरफळं आहेत. रस्ते मी विसरतो, गावांची नावं तर हमखास. पण तो खिसा उघडला की अंजनेरीचा फाटा, बुलेट, आजी, सगळं हजर होतं.

एक वाजत आला. दादाचा फोन अकराला येतो, आज आलेला नाही. वहिनीने थेंब लावलाय, काय सांगायचं ते पाठ केलंय आणि ती फोनशेजारी चौथ्यांदा त्याच मेथीच्या काड्या निवडतेय.

थांबा, दारात रिक्षा आली.

दादा! न कळवता! चपला काढायच्या आधीच, नाक वर करून, वहिनीकडे बघत विचारतोय, "आज मासे केलेत? तिरफळाचा वास येतोय."