ओटी भरताना

लिव्हरचं दुखणं म्हटलं की लोकांना आधी दारू आठवते. माझ्या बायकोला ते निघालं तेव्हा मी नवी पेठेत ज्या दुकानात साड्या दाखवतो, तिथल्या शेजारच्या गाळेवाल्यानं डोळा बारीक करून विचारलं, "वहिनी चोरून घेतात काय?" अरे बाबा, वळसंगच्या माळकरी घरातली बाई ती, खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा सहन होत नाही तिला! मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोललो नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं, की शरीराची राखण करणारी ताकदच लिव्हरवर उलटलीय. म्हणजे राखणीचं कुत्रंच घरच्यांना चावायला लागलं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे आलंच मुंगीच्या पावलानं आणि जायचं नाव काढीना. गोळ्यांनी तिचं तोंड सुजून गोल झालं, तर माझ्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "तब्येत सुधारली की!" पुढं हाडं ठिसूळ झाली. कळशी उचलली आणि मणका दबला. मग अन्ननळीतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी झाली, तेव्हा तिची आवडती कडक भाकरी बंद झाली. पोटात पाणी झालं, मीठ बंद. "आता श्वास तेवढा बंद करायचा राह्यलाय," असं म्हणून ती हसायची. मला हसू यायचं नाही. मी नुसता चिडायचो, भांड्यांवर, रिक्षावाल्यावर, देवावर.

लिव्हर बदला म्हणाले. मला साखरेचा आजार, माझ्या लिव्हरचा तुकडा चालेना. आमची एकुलती एक मुलगी द्यायला तयार होती, तर हिनं तोडून टाकलं. "पोरीच्या पोटाला चाकू लावायचा न्हाय. मला फक्त तिचं लगीन डोळ्यानं बघायचंय. मग काय व्हायचं ते हू दे."

शेवटी त्या दुखण्याचं विष डोक्यात चढायला लागलं. पोट साफ झालं नाही की ती भलतंच बोलायची, गॅसवर रिकामं पातेलं ठेवून बघत बसायची. त्यावर एक गोड, पातळ औषध होतं. ते रोज घ्यायचं, तीन-चारदा संडासला जायचं, की डोकं जाग्यावर.

लग्नघरात मी सारखं विचारत होतो, "औषध घेतलंस का गं?"

"व्हय, घेतलं की. किती वेळा इचारता?"

हळदीला बायकांनी तिच्याही गालाला हळद फासली. "नवरीपेक्षा आईलाच चढली बघा!" म्हणून हसल्या. आंघोळीनंतरही तिचे डोळे पिवळे दिसले, पण त्या दिवशी कार्यालयात पिवळं काय नव्हतं? अक्षता पडल्या, तेव्हा ती नव्या इरकलीत ताठ उभी होती. मला वाटलं, जिंकलो.

मग पाठवणी. मुलगी पाटावर बसली आणि आईनं ओटी भरायला घेतली. तांदूळ घातले, नारळ ठेवला, सगळं हातांना पाठ. मग वाकून मुलीच्या तोंडाकडं बघितलं आणि मायेनं विचारलं, "गोड हायस गं. कुणाची तू?"

सनई वाजत होती. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होतो? पाठवणी उरकली आणि मी तिला तसंच दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात तिची पिशवी उघडली, तर औषधाची बाटली सील न तोडलेली. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली तेव्हा मी ती बाटली तिच्यापुढं नाचवली.

"तुमीच सांगा," ती म्हणाली, "नवरीची आई मी. भारी लुगडं नेसून, व्याह्यांच्या म्होरनं सारखी तांब्या घिऊन पळू का? पोरीला काय म्हणले असते?"

मी बाटली खाली ठेवली.

"लगीन झालं न्हवं नीट?" तिनं विचारलं. "मला हळदीपातूरचंच आठवतंय. ओटी भरली का वो मी?"

"भरलीस की."

"रडले का?"

"लई रडलीस. आवरता आवरेना तुला."

"मग झालं," म्हणून तिनं डोळे मिटले.

मी बाटलीचं सील तोडलं आणि तिला औषध पाजलं. आता कितीही वेळा जावं लागलं तरी चालणार होतं.