चहा ठेव, आलो

बिघडलेलं मशिन समोर आलं की मी आजही दाराकडे पाठ करून बसत नाही. दुकानातली पोरं हसतात. हसू देत.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचं नाव घेतलं तर लोक विचारायचे, हा कुठला नवीन साबण? माझ्याकडे ते वापरणारं गिऱ्हाईक एकच, माझे शाळेतले गणिताचे सर. गारगोटीच्या शाळेतून निवृत्त होऊन ते राजारामपुरीत राहायला आले होते. मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी घेऊन एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "ह्यात लपवाछपवी न्हाय म्हणं. आतलं सगळं उघडं. घालून दे की." मी घालून दिलं. वर्षभरात त्यांना माझ्यापेक्षा जास्त यायला लागलं, आणि तेही ते लपवत नसत.

मशिन जुनं होतं. चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकत राहायच्या. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "तुमचं यंत्र उठंस्तवर म्हशीची धार काढून हुतीया." मग सरांनी त्या पाच मिनिटांचा हिशेब बसवला. संध्याकाळी मशिन चालू करायचं आणि कोपऱ्यावर दूध आणायला जायचं. मशिन पूर्ण उठलं की शेवटी एक ओळ दिसेल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. मराठी अक्षरं त्यात नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: चहा ठेव, आलो. काकू ओट्यापाशी उभ्या असायच्या. ओळ आली की आधण ठेवायच्या, आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत सर दूध घेऊन दारात हजर. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे.

सर गेले ते एसटीत. गारगोटीला जुन्या शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. येताना कोल्हापूरच्या स्टँडवर सगळे उतरले, खिडकीपाशी बसलेले सर तेवढे उतरले नाहीत.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला विचारलं, "ह्ये चालू कसं करायचं रं?" मी बटण दाखवलं. बंद कसं करायचं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, एकदोनदा लावतील आणि विसरतील. मी फार शहाणा होतो तेव्हा.

चार महिन्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप आला, मशिन अडलंय. दुपारी गेलो. चालू केलं तर ओळी अर्ध्यावर येऊन थांबल्या. मशिन म्हणत होतं, डिस्क मला एकट्याला तपासता येत नाही, माणसानं बसून तपासावी, त्यासाठी मुख्य पासवर्ड द्या. पासवर्ड फक्त सरांना माहीत होता. त्या रिकाम्या जागी एक चौकोनी ठिपका उघडझाप करत वाट बघत होता.

"तुम्ही हे कधी लावता, काकू?"

"रोज. दिवेलागणीला. फोटोपुढं दिवा लावायचा, मग ह्ये लावायचं. त्यांची ओळ आली की चहा ठेवायचा. एक कप मशिनपाशी ठेवायचा."

"आणि बंद?"

"बटन दाबायचं की. चालू तसं बंद."

मला बसवेना. मशिन बंद करायच्या आधी त्याला सांगावं लागतं, म्हणजे हातातलं सगळं ते जागच्या जागी ठेवतं. मध्येच बटण दाबलं की सामान अस्ताव्यस्त पडतं. एखाद्या दिवशी ते सावरून घेतं, रोज नाही. काकूंनी चार महिने रोज दिवा लावल्यासारखं ते लावलं होतं आणि रोज तसंच विझवलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

"ओळ येईल न्हवं?" त्यांनी विचारलं. बाकी मशिनमधलं त्यांना काहीही नको होतं.

"येईल की."

सीडीवरून मशिन उठवलं, तसं केलं की पासवर्ड लागत नाही, आणि डिस्क तपासायला घेतली. प्रत्येक बिघाडाला ते विचारत होतं, दुरुस्त करू? मी हो म्हणत होतो. प्रश्न संपेनात. खरं म्हणजे आधी डिस्कची नक्कल काढायला हवी होती. दुसरी डिस्क दुकानात होती, स्कूटरवरून दहा मिनिटं. मी कंटाळा केला. सगळ्याला हो, असं एकदाच सांगून टाकलं.

ज्या फायलींचा ठावठिकाणा लागत नाही त्या मशिन एका कप्प्यात टाकतं. त्यांची नावं गेलेली असतात, नुसते आकडे उरतात. मी एकेक उघडली. नववीच्या प्रश्नपत्रिका. चंदगडच्या भावाला लिहिलेलं पत्र, अर्ध्या वाक्यात तुटलेलं. ओळ कशातच नव्हती. जिथं असायला हवी होती तिथं नुसता कचरा होता.

मग मी ती स्वतः टाइप केली.

मशिन पुन्हा लावलं. काकू ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओळी सरकत गेल्या. या वेळी मध्ये थांबल्या नाहीत. शेवटी ती आली. मी वळून पाहिलं तर काकू तशाच उभ्या.

"आली न्हाय की रं."

"आली, काकू. ही बघा."

पदराला हात पुसत त्या आल्या, वाकून बघितलं. "ही तू लिवलीस."

मी मान खाली घातली. मग सगळं सांगून टाकलं, बटणाचंसुद्धा.

"हितं डावीकडं नसायची ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "कपाट आडवं येतंय. ओट्यापासनं मला निम्माच पडदा दिसतोय. त्यांनी ती माज्या बाजूला सरकवलेली."

इतक्यांदा त्या घरात चहा प्यालो, पण ओट्यापाशी उभं राहून कधी बघितलं नव्हतं.

"मग सरकव की," म्हणाल्या आणि परत जाग्यावर गेल्या.

मी ओळीआधी जागा सोडली आणि मशिन रीतसर बंद करून पुन्हा लावलं. पाच मिनिटं. "अजून," आतून आवाज आला. पुन्हा तेच. "अजून वाईच." तिसऱ्या वेळी आतून काडी पेटल्याचा आवाज आला.

बाहेर दिवेलागण झाली होती. मी त्यांना मशिन बंद करायला एकदम दाबायची तीन बटणं दाखवली. त्यांनी ती दोनदा म्हणून पाठ केली. मग चहाचा कप आणून मशिनशेजारी ठेवला. चहा कोरा होता. माझं लक्ष कपाकडे गेलेलं त्यांनी पाहिलं.

"दूध आणायला गेल्यात," त्या म्हणाल्या.

माझी पाठ दाराकडे होती. मी वळून बघितलं नाही.