काविळीची माळ

आमच्या अंजूर गावात कुणाला कावीळ झाली की डोक्यावर मंतरलेली माळ घालतात. ती सैल होत गळ्यात आली की कावीळ उतरली म्हणायचं. बाबांना झाली तेव्हा त्यांनीही घातली. भिवंडीत स्कॅन केला, स्वादुपिंड सुजलेलं दिसलं आणि घरात सगळे कॅन्सरच धरून बसले.

मुंबईच्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी केली, तुकडा तपासला. म्हणाले, "गाठ नाहीये. सगळं स्वादुपिंड पडवळासारखं फुगलंय. शरीराची प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उलटलीय. स्टेरॉइडनं बरे होतील."

महिन्याभरात डोळ्यांतला पिवळेपणा गेला.

"मालंचाच गुन हाय," बाबा ऐटीत म्हणाले.

मी भडकले. "मग उद्यापासून गोळ्या बंद करू?"

बाबांनी गोळ्यांची पट्टी पटकन उशीखाली सरकवली.