ढोलवाल्याचे डोळे

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मधेच अडकलेल्या माणसांशी ते दाराच्या फटीतून इतक्या मायेने बोलतात, की बाहेर आल्यावर लोक उलट त्यांचीच विचारपूस करतात. घरात मात्र हाच माणूस एका ढोलवाल्यापुढे टेकीला आला होता.

ढोलवाला बोटाच्या पेराएवढा, शिशाचा. लग्नाआधी बाबा असे पुतळे रंगवायचे. अख्खा बँड करायला घेतला होता. मग लग्न, मग नोकरी, मग मी. ढोलवाला तेवढा करडाच राहिला. परवा माळ्यावर डबा सापडला आणि बाबांनी चष्म्यावर भिंग चढवलं. बाकीच्यांत उभा केला तर हा नवा म्हणून ओळखू येता कामा नये, म्हणाले. हात अजून तोच आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं.

अंगरखा झाला, बटणं झाली. घोडं अडलं डोळ्यांपाशी. त्यांची पद्धत अशी, की भुवईपासून गालापर्यंत काळी उभी रेघ ओढायची आणि मग वरून-खालून कातडीचा रंग भरत तिचं बुबुळ करायचं. पण रेघच सरळ येईना. एकदा ढोलवाल्याचा एक डोळा दाराकडे, दुसरा खिडकीकडे. एकदा तर भूत बघितल्यासारखा. मी प्रत्येकाची नक्कल करून दाखवली. बाबाही हसले, पण आता डबा परत माळ्यावर टाकतो म्हणाले, तेव्हा आवाजात हसू नव्हतं.

रविवारी शेवटचा प्रयत्न. बाबा दम कोंडून लालबुंद, कुंचल्याचं टोक भुवईपाशी. माझ्या तोंडून त्यांचाच कामावरचा आवाज निघाला, घोगरा, सावकाश. "घाबरू नका, साहेब. आधी श्वास सोडा. मी इथेच आहे."

बाबांनी खरंच सोडला. त्या श्वासाबरोबर रेघ अलगद उतरली. मागोमाग दुसरीही.

रंग वाळल्यावर बँड ओळीत उभा राहिला. आईला बोलावणं गेलं: यातला नवा कोणता, सांग. आई हात पुसत आली, वाकली, आणि बोट थेट ढोलवाल्यावर. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, बाकीचे सगळे धास्तावलेत," आई म्हणाली. "हा एकटाच निवांत वाजवतोय."

बाबांनी भिंगातून एकेकाला निरखलं. खरंच की. लगेच बिगुलवाला उचलला, कुंचला बुडवला.

"त्यांना हात लावायचा नाही," आई म्हणाली. "लग्नात तुम्ही अगदी असेच दिसत होतात. राहू देत ते तसेच, माझ्यासाठी."