बावीस संघांचा ड्रॉ

शनिवारी सकाळी मेजरसाहेबांनी हॉकी स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता, माझ्या टेबलावर ठेवला... "पाच वाजता कॅप्टन लोकांची मीटिंग आहे. दुपारपर्यंत टाइप करून पाहिजे."

साठच्या दशकातलं बंगळूर. कब्बन पार्कजवळच्या एका स्पोर्ट्स क्लबात मी टायपिस्ट होते, वय तेवीस. मेजरसाहेब म्हणजे सैन्यातून रिटायर झालेले आमचे सेक्रेटरी. कडक माणूस.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. विलायतेतल्या एका संस्थेचा, क्लब आणि स्पर्धा कशा चालवायच्या याचा कोर्स मी पोस्टाने करत होते. धडे बोटीने यायचे, मी उत्तरं लिहून पाठवायची, आणि ती तपासून परत येईपर्यंत दोन-तीन महिने उलटायचे...

चिकपेटेत आमचं शिंपीकाम. थोरला भाऊ, अण्णा, मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "खेळाचं काय शिकायचं असतं गं? खेळलं की झालं, सरी!" 'सरी' म्हणजे कन्नडमध्ये 'बरं, ठीक'; आम्हा सगळ्यांच्याच तोंडी बसलेलं. पण माझं धड्यांचं पाकीट आणायला पोस्टात तोच धावायचा.

तर त्या दिवशी टाइप करता करता माझा हात थांबला. बावीस संघ. पहिल्या फेरीत अकरा सामने, उरले अकरा. त्यातला एक न खेळताच पुढे, म्हणजे सहा. मग तीन... सेमीफायनलला तीन संघ! त्यातला एक आयताच फायनलला.

आदल्या वर्षी हेच झालं होतं. भांडणं पेटली, दोन संघ मैदान सोडून गेले. यंदाही तसंच झालं तर बाहेरगावचे संघ परत येणार नाहीत, असं ऑफिसात सगळेच बोलत होते.

चूक नेमकी कुठे, ते मात्र कुणाला उमगलं नव्हतं. मला उमगलं, कारण चौथ्या धड्यात मी स्वतः तीच चूक केली होती. पेपर लाल शाईने भरून परत आला होता...

मी साहेबांचा ड्रॉ टाइप केला. मग दुसरा कागद चढवला आणि माझा ड्रॉ टाइप केला. दोन्ही घेऊन आत गेले. टायपिस्टने सेक्रेटरीची चूक काढायची, म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचीच तयारी.

"सर, यात शेवटी तीन टीम उरतात."

त्यांनी पेन्सिलीने मोजलं. पुन्हा मोजलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

"पोस्टानं, सर."

"पोस्टानं?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा ड्रॉही पेन्सिलीने मोजून पाहिला. मग एवढंच म्हणाले, "पाच वाजता थांब."

पाच वाजता खोलीत बावीस कॅप्टन, त्यांचे मॅनेजर, आणि बाई मी एकटी. मेजरसाहेब उठले. "मी केलेला ड्रॉ चुकला होता. बरोबर ड्रॉ या सांगतील." सकाळी मी 'तू' होते, आता 'या'... आणि त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी फळ्यावर मांडलं. दहा संघांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे, आणि उरलेल्या बारा संघांचे सहा सामने. सहा जिंकलेले आणि हे दहा, झाले सोळा. मग आठ, चार, दोन. पहिल्या फेरीनंतर कुणालाच बाय नाही.

एका कारखान्याच्या संघाचा आडदांड कॅप्टन उठला आणि कन्नडमध्ये गरजला, "दहा जण फुकट पुढे? आम्ही का नाही?"

"चिठ्ठ्या टाकू. तुम्हीच उचला."

तो काही बसेना. "एवढं येतं तर सांगा, एकूण सामने किती? फळ्याकडे न बघता!"

"एकवीस," मी म्हणाले. "एका सामन्यात एक संघ बाहेर जातो. जिंकणार एक, म्हणजे बाहेर जाणार एकवीस."

त्याने बोटांवर मोजायला घेतलं, मध्येच सोडून दिलं... "सरी अक्का, सरी," म्हणत खाली बसला. सगळी खोली हसली, आणि मीही.

स्पर्धा झाली. एकवीस सामने, एकही भांडण नाही! हरलेले संघसुद्धा पुढच्या वर्षी कधी यायचं ते विचारून गेले. महिन्याभरात माझ्या टेबलावर 'सहायक सेक्रेटरी' अशी पाटी लागली. कोर्सचं सर्टिफिकेट आलं, तेही फर्स्ट क्लासचं... अण्णाने ते फ्रेम करून दुकानात लावलं आणि कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं.

पुढे तीस वर्षं मी स्पर्धा भरवल्या. आता जे. पी. नगरच्या घरी निवांत बसले की वाटतं, त्या दिवशी माझा कागद टोपलीत टाकणं मेजरसाहेबांना किती सोपं होतं... त्यांनी भरल्या खोलीत स्वतःची चूक सांगितली आणि मला पुढे केलं. माझ्या हाताखालच्या मुलींशी मी तसं वागले का, ते त्यांनीच सांगावं. मी मनापासून प्रयत्न केला.